हनुवटीपासून खाली

ट्रूडीने स्वतःला ओळखलं ते करंगळीवरून. डाव्या हाताची करंगळी, जराशी बाहेर वाकलेली, जणू बाकीच्या बोटांशी तिचं पटत नाही. लहानपणी काकाच्या गाडीच्या दारात ती सापडली होती आणि नंतर कधी सरळ झालीच नाही. भिंतीवर टांगलेल्या पाकिटावरच्या चित्रात एक बाई एक हात कमरेवर ठेवून उभी होती, दुसऱ्या हातात खेळण्यातलं मोठं इंजेक्शन. नर्सचा पांढरा पोशाख, कसाबसा मांडीपर्यंत पोचणारा, गळा खाली उतरलेला, आणि कमरेवरच्या त्या हाताची करंगळी बाहेर. ट्रूडीने खिशातला हात बाहेर काढला नाही. आपला हात आपल्याला ठाऊक असतो. नजर हळूहळू वर गेली, पोट, छाती, गळ्याची खळगी, हनुवटी, आणि तिथे चित्र संपलं. ओठांच्या खाली कुणीतरी सरळ रेघ मारून बाई कापली होती. वर गुलाबी अक्षरांत पोशाखाचं नाव. पूर्वी तिथे तोंड होतं. तिचं तोंड होतं, हसणारं.

ती आली होती चेटकिणीच्या टोप्या घ्यायला. ज्या दातांच्या दवाखान्यात ती काम करते तिथल्या मिंडीने ठरवलं होतं की यंदा हॅलोविनला सगळ्या बायकांनी चेटकिणी व्हायचं. "काळी टोपी घातली की झालं, ट्रूडी, पाय उघडे टाकायची गरज नाही, आपली वयं झाली," असं म्हणून मिंडी खूप हसली होती. म्हणून ती कामावरून सुटून, टोलेडो शहराच्या कडेच्या रस्त्यावरच्या त्या दुकानात आली. इथे आधी वाणसामान मिळायचं. ते बुडालं, आणि आता दर पानगळीत कुणी तरी जागा भाड्याने घेऊन मुखवटे, प्लास्टिकचे सांगाडे आणि पोशाख विकतं. जिथे दुधाची गार कपाटं होती त्या भिंतीवर बायकांचे पोशाख होते. तिथे अजून थंड वाटतं, की आपल्यालाच वाटतंय, असा विचार तिच्या मनात आला आणि तेवढ्यात शेजारी एक मुलगी येऊन उभी राहिली. विशीची असेल. सोबत तिचा मित्र, दोन्ही हात खिशात, कंटाळलेला.

"हे घेऊ?" मुलीने तेच पाकीट काढलं.

"पण तू अशी दिसणार आहेस का ते सांग आधी."

"डोकंच नाहीये हिला. म्हणजे कुणीही दिसू शकतं." ती ट्रूडीकडे वळली, अगदी मोकळेपणाने. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं? मला बरं दिसेल?"

ट्रूडीला वाटलं, छान दिसेल असं म्हणून टोप्यांकडे जावं. तिने तोंड उघडलं तेही त्यासाठीच. पण बाहेर आलं ते वेगळंच. "ती मी आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"ह्या चित्रातली. मी आहे."

मग त्या पोराने तिच्याकडे पाहिलं. वाईट नजरेने नाही, तसं असतं तर बरं झालं असतं, तशा नजरेची तिला तरुणपणापासून सवय होती. त्याने पाकिटावरचे पाय पाहिले आणि मग तिचे, पाकिटावरची कंबर आणि मग तिचा कोट, जसं कुणी चपलेचा एक पाय हातात घेऊन दुसरा शोधतं. सापडला नाही. "कधी?" त्याने विचारलं, आणि मुलीने त्याला कोपर मारलं. "मस्करी करतायत रे काकू," ती दबक्या आवाजात म्हणाली आणि त्याला ओढत पुढे गेली. पाकीट तिने परत टांगलं नव्हतं, खालच्या फळीवर आडवं टाकलं होतं. ट्रूडीने ते उचललं.

एका दुपारचं काम होतं ते. बावीस-तेवीसची होती ती, एका उपाहारगृहात थाळ्या उचलत होती, आणि मैत्रिणीने सांगितलं की एका गोदामात पोशाखांचे फोटो काढतायत, चांगल्या अंगाची मुलगी हवी आहे. चांगल्या अंगाची, हे शब्द तेव्हा किती सरळ वाटले होते, जसं कुणी म्हणतं चांगल्या आवाजाची. गोदामात खूप उकडत होतं. फोटो काढणारा माणूस बोलतच नव्हता. बोलत होती ती तिथली व्यवस्था बघणारी बाई, गळ्यात चष्मा अडकवलेली, घसा बसलेली. पोट आत, हनुवटी वर, ओठ सैल सोड, अगं दात घासायला नाही उभी केली तुला. आणि पडद्याच्या पलीकडे, आगीच्या बंबवाल्याच्या पिवळ्या विजारीत, उघड्या अंगाला तेल चोपडून, ब्रेंट उभा होता. तो घरांच्या छपरांची कामं करायचा. पोटाचे स्नायू नीट दिसावेत म्हणून त्याला आदल्या दिवसापासून पाणी पिऊ नको असं सांगितलं होतं, आणि त्याने ते इमानदारीने ऐकलं होतं. ट्रूडीचा फोटो काढायची वेळ झाली तेव्हा तो समोर येऊन तोंडं वेडीवाकडी करायला लागला, म्हणून ती हसली, आणि तोच फोटो त्यांनी घेतला. त्यानंतर त्याचा फोटो झाला आणि तो दिव्यांखाली धाडकन पडला. सगळे हसले. एवढा मोठा गडी! त्या बाईने त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, तेल पुसू नका रे, अजून चार फोटो राहिलेत. ट्रूडीने त्याला अर्धं संत्रं सोलून दिलं होतं. त्याच्या तेलकट बोटांतून ते दोनदा निसटलं.

पुरुषांची भिंत पलीकडे होती. ती तिकडे गेली, टोप्यांना वळसा घालून. बंबवाला तिथेच होता, तोच, तीच पिवळी विजार, तेच पट्टे, छातीवर तोच चकचकाट. फक्त त्याला दुसऱ्याच कुणाचं तरी डोकं बसवलं होतं. आजच्या पद्धतीची दाढी, बाजूने कापलेले केस, जरा लहान डोकं, मानेशी नीट न जुळणारं. ती बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की ब्रेंटचा तेव्हाचा चेहरा आठवायचा ती प्रयत्न करतेय आणि तो येत नाहीये. छाती येत होती, खांदे येत होते, बेंबीवरची केसांची रेघ येत होती. चेहऱ्याच्या जागी हा दाढीवाला. तिने घाईघाईने दोन्ही पाकिटं घेतली, पैसे दिले आणि गाडीत येऊन बसल्यावर तिला आठवलं की टोप्या राहिल्या.

घरी नेऊन ब्रेंटला दाखवू, एवढंच तिच्या मनात होतं. पूर्वी ते दर वर्षी दोघं मिळून दुकानात जायचे, आपली पाकिटं शोधायचे, ती शेजारी-शेजारी टांगून ठेवायचे आणि पळून यायचे. लग्नात ब्रेंटच्या थोरल्या भावाने, डॅरिलने, पेला हातात घेऊन दोन्ही पाकिटं उंच धरली होती. "बघा मंडळी, नवरा-बायको दोघंही तयार मिळतात! माप एकच, सगळ्यांना बसेल असं!" ट्रूडीची आई सुद्धा हसली होती, जी चर्चमध्ये बिनबाह्यांचं पोलकं घालू द्यायची नाही. मग ते कायमचंच झालं. ब्रेंटला सगळे बंबवाला म्हणायचे. उन्हाळ्यात तो कुणाच्या छपरावर चढला की समोरच्या घरांतल्या बायका खुर्च्या घेऊन अंगणात बसायच्या आणि वर ओरडायच्या, शर्ट कशाला घातलाय, उकडत नाही का? ट्रूडीला त्याचा राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं. बघा, पण हे घरी माझ्याकडे येतं. हे, असंच म्हणायची ती मनात. हा नव्हे, हे. आणि मग तो पडला, दुमजली घराच्या छपरावरून, पाठीचे मणके दुखावले, सहा महिने अंथरुणात. तिने त्याचं सगळं केलं, अंघोळ, लघवीची बाटली, कूस बदलणं. तो बरा झाला, चालायला लागला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात खुर्चीवर बसून काम करायला लागला, आणि गोळ्यांनी म्हणा, बसण्याने म्हणा, सुटत गेला. तेव्हापासून तिने त्याला उघडं पाहिलं नव्हतं. कपडे तो आत जाऊन बदलतो. झोपतानाही अंगात शर्ट असतो, चौकटीचा, जाड. तिने कधी विचारलं नाही. विचारायचं काय?

घरी पोचली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. ब्रेंट स्वयंपाकघरात होता, राजमा-मटणाचं भांडं गॅसवर ठेवून, चमचा हातात.

"काय आणलंस?"

"डोळे मिट."

त्याने मिटले नाहीत. तिने दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. त्याने चष्मा लावला, वाकला, पाठीला हात लावून.

"हा कोण?"

"तूच. मानेखालचा."

तो खूप वेळ बघत राहिला आणि मग त्याच्या पोटातून हसू आलं, आधी बारीक, मग खांदे हलायला लागले. "माझं निदान डोकं बदललं, तुझं तर उडवूनच टाकलं."

"बाईला कशाला लागतंय?"

"पुरुषाला लागतं. कुणाचंही चालतं, एवढंच."

किती दिवसांनी दोघं अशी हसत होती. ट्रूडीला भिंतीला टेकावं लागलं. तिने त्याला त्या मुलीचं सांगितलं, पोराने 'कधी?' विचारलं तेही सांगितलं, आणि सांगताना ते तिला खरंच गमतीचं वाटलं. हसता हसता तो म्हणाला, "घाल ना."

"वेडा आहेस का?"

"घाल ग. मी तरी बघतो."

मी तरी बघतो. तिने तिथेच पाकीट फोडलं, ते टेबलावर टाकलं आणि पोशाख न्हाणीघरात नेला तेव्हा हेच शब्द कानात होते. कापड पाकिटावर दिसतं तसं मुळीच नव्हतं, पातळ, खरखरीत, हात फिरवला की वीज निघावी असं. त्या दिवशी गोदामात मागून चिमटे लावून बसवलं होतं, हेही तिला आता आठवलं. चिमटे पाठीला टोचत होते आणि समोरून ती हसत होती. तिने पाय घातले, ओढलं, मागची चेन दंडाला रग लागेपर्यंत ओढत वर नेली, निम्म्यावर ती कापडात अडकली आणि पुढेही जाईना, मागेही येईना. आरशात तिने स्वतःला पाहिलं नाही. आरशात पाहिलं असतं तर ती बाहेर गेलीच नसती, आणि तिला बाहेर जायचं होतं, इतकं जायचं होतं की तिलाच नवल वाटलं. दार उघडून ती आली, एक हात कमरेवर ठेवून, खोटं इंजेक्शन वर धरून.

"छान," ब्रेंट म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं होतं, नाही असं नाही. पण पाहून झाल्यावर त्याची नजर हातातल्या रिकाम्या पाकिटाकडे गेली, आणि तिथे थांबली. तिथे ती नजर बसली, जसं दिवसभराच्या कामानंतर कुणी खुर्चीत बसतं. ट्रूडी उभी राहिली. कमरेवरचा हात काढावा की राहू द्यावा, कळेना.

"आता तू," ती म्हणाली.

"मी काय?"

"मी घातलं ना? शर्ट काढ."

"नको."

"असा काय? मीच तर आहे." ती हसत पुढे झाली, बोटं त्याच्या शर्टाच्या गुंडीला लागली. एक गुंडी निघालीही. त्याने तिचं मनगट धरलं. जोराने नाही.

"ट्रूडी, नको."

"लाजतोस काय पोरीसारखा?"

त्याने तिचा हात सोडला, गुंडी परत लावली आणि गॅस बंद केला. मग तो बोलला ते भांड्याकडे बघत, आवाज न चढवता, जसं कुणी गाडीचा बिघाड समजावून सांगतं. "लग्न झालं त्या दिवशी तू म्हणालीस, दिवा राहू दे. मला बघायचंय. आठवतं? मी पोट आत ओढून धरलं होतं. सकाळपर्यंत. मला वाटलं एक दिवसाचं आहे. मग रोजचंच झालं. तू, तुझ्या बहिणी, समोरच्या बायका, डॅरिल. ब्रेंट, शर्ट काढ. नाही म्हटलं की, लाजतोय बघा. पुरुषाने काय तक्रार करायची? कुणी मारत तर नव्हतं."

"मला कधी बोलला नाहीस."

"बोललो होतो. पहिल्याच दिवशी, गाडीत."

आणि ते तिला आठवलं. गोदामातून निघाल्यावर त्याने तिला घरी सोडलं होतं, आणि घराशी गाडी थांबवून तो म्हणाला होता, मला वाटलं नव्हतं मला इतकी लाज वाटेल. तिला ते इतकं गोड वाटलं होतं! एवढ्या खांद्यांचा माणूस आणि लाज. तिने त्याचं तोंड धरून मुका घेतला होता. तिथून सगळं सुरू झालं होतं, लग्न, हे घर, हे स्वयंपाकघर. त्याने एक गोष्ट सांगितली होती आणि तिने ती ऐकण्याऐवजी मुका घेतला होता.

"माझ्याकडे तरी बघ," ती म्हणाली. "आत्ता मी आले तेव्हा तू त्या पाकिटाकडे बघत होतास."

"हो."

"का?"

"ती हसत होती."

"तिला तोंडच नाही, ब्रेंट."

"मला ठाऊक आहे ना ती हसत होती. मी समोर होतो."

मी समोर आहे आता, असं म्हणता आलं असतं. पण त्या पांढऱ्या चिंधीत, पाठ अर्धी उघडी, दंडावर चेनीचा ओरखडा, तिला स्वतःलाच खात्री वाटेना की ती समोर आहे. खिडकीबाहेर रस्त्यावर कुणाची तरी मुलं भोपळ्याची पिशवी ओढत चालली होती. तिने काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, किंवा कितीतरी दिवस ते तिच्या आत कुठे तरी पडून असेल.

"त्या दिवशी पाय घसरला ना तुझा? छपरावर?"

"घसरला."

"मग?"

त्याने चमचा खाली ठेवला. "पन्हळ हाताला लागली होती. धरता आली असती." त्याने गॅसचं बटण पुन्हा चाचपून पाहिलं. "समोर खुर्च्या टाकून बसल्या होत्या बायका. एक जण काही तरी ओरडली, सगळ्या हसल्या. आणि पन्हळ हाताला लागली, आणि मला वाटलं, असू दे. एवढंच. मरायचं वगैरे नव्हतं मला. फक्त वाटलं की पडलो तर पुन्हा कुणी असं बघणार नाही."

इस्पितळात त्याने डोळे उघडले तेव्हा तो हसला होता. ट्रूडीने ते हसू सगळ्यांना सांगितलं होतं, आईला, मिंडीला, डॅरिलला. मला बघून हसला हो, इतक्या वेदना, पण मला बघून हसला. तिने ते हसू वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं, लघवीची बाटली रिकामी करताना, त्याची कूस बदलताना, रात्रपाळीच्या नर्सशी भांडताना. ते तिच्यासाठी नव्हतंच. सुटलेल्या माणसाचं हसू होतं ते. आणि तिला रडू आलं नाही. तिला फार मोठा थकवा आला, जणू कुणी सांगितलं की ज्या घरात तू राहत होतीस ते शेजारचं होतं.

"मला हे काढायचंय," ती म्हणाली. "चेन अडकलीय."

तो वळला. मागे येऊन त्याने चेन ओढून पाहिली, एकदा, दोनदा. त्याच्या श्वासाला मिरचीचा वास होता. "नाही निघत," तो म्हणाला आणि खणातून कात्री काढली. "हलू नकोस." गार लोखंड तिच्या मणक्यावरून खाली सरकत गेलं, अगदी सावकाश, आणि कापड करकरत दुभंगलं. छपराचे पत्रे कापणारा हात होता तो, कातडीला कुठे लागू दिलं नाही त्याने. बोटसुद्धा लागू दिलं नाही. कापड पायांशी पडलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिला अंगावर काटा आलेला कळत होता. त्याची नजर कुठे असेल? आयुष्यभर तिला हे न बघता सांगता यायचं, रस्त्यावर, दुकानात, कुणाचीही नजर कुठे आहे ते पाठीला कळायचं. आता काहीच कळत नव्हतं. पाठ नुसती पाठ होती, गार पडलेली.

मागे गुंड्या निघाल्याचा आवाज झाला, एकेक, सावकाश. मग तिच्या खांद्यांवर शर्ट आला, जाड, चौकटीचा, त्याच्या अंगाने ऊन झालेला. त्याने तो पुढून ओढून तिच्याभोवती नीट केला, आणि लगेच हात काढून घेतले.

"वळू नकोस," तो म्हणाला.

"नाही वळत."

"थंडी आहे. घालून घे."

तिने बाह्यांत हात घातले. बाह्या फार लांब होत्या. तो तिच्या मागे उभा होता, एवढ्या वर्षांनी उघडा, हात मागे नेला तर लागेल इतका जवळ, आणि त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, मोठा, जड, कुठेही ओढून न धरलेला. तिने डोळे मिटून घेतले, कारण समोरच्या भिंतीतल्या खिडकीची काच आता काळी पडत चालली होती आणि तिच्यात काही दिसलं असतं. मग त्याची पावलं गेली. जिन्याची एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी, थांबणं. वर पलंग वाजला. भांड्यातली वाफ हळूहळू विरत गेली, आणि ती डोळे मिटूनच उभी राहिली, शब्द दिला होता तशी, भिंतीकडे तोंड करून.